सात्यांची जागा

सात्या म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. आमच्या वारासिवनीकडच्या गावात ज्याची त्याची सात्यांची जागा ठरलेली असे, आणि ती कोणी कोणाला सांगत नसे. माय उजाडायच्या आत जंगलात जाई. बारीक विणीच्या बांबूच्या टोपलीत, पळसाच्या पानांखाली झाकून सात्या आणी आणि लसूण-मिरची घालून मातीच्या गाडग्यात शिजवी. मी जागा विचारली की हसे. "तुह्या बायकोले सांगीन. तू कॉलेजातल्या पोरायले सांगत फिरशील."

त्या पावसाळ्यात निरोप आला म्हणून मी बालाघाटहून घरी आलो. तिला वीस दिवस ताप होता. पोटात अन्न गेलं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पेजसुद्धा उलटून पडत होती.

"काय खाशील, माय?"

"सात्या." मग ती म्हणाली, "बस इथं. जागा सांगतो तुले."

मी उठून उभा राहिलो. "मले नको सांगू. सुनंले सांगजो."

"सून येईपर्यंत मी राह्यलो पाह्यजे ना!"

मी ऐकून घेतलंच नाही. जागा ऐकली तर माय निघून जाईल, असं मला खरंच वाटलं. दोन वर्षं कॉलेजात शिकूनही वाटलं. टोपली उचलून मी तसाच निघालो.

दिवसभर दिसेल ते वारूळ पाहिलं. शेवटी पांढरं काहीतरी सापडलं. गवत कापणाऱ्या आमच्या गावच्या एका बाईने टोपलीत डोकावून पाहिलं.

"हे विषारी आहे, बाबू. फेक! कॉलेजात हेच शिकवते का?"

"तुमची जागा सांगता का, काकी? माय बिमार आहे."

तिने विळ्याकडे पाहिलं. "तुह्या मायले विचार ना. तिले काय कमी माहीत आहे?"

दिवस मावळताना मी रिकामा घरी आलो. बाबांनी माझ्या हातातली टोपली घेतली. मी खाटेजवळ बसून म्हणालो, "सांग."

तिने थांबत थांबत सांगितलं. दुसरा नाला, पुढे मोहाच्या दोन झाडांचा जोडमोह, त्याच्या मागचं वारूळ.

सकाळी गेलो. जागा खरी होती. सात्या खूप उगवल्या होत्या, पण उमलून काळ्या पडलेल्या, किड्यांनी भरलेल्या. त्या कालच्या होत्या. मी तिथेच चिखलात बसलो. हात लावावा तर तुटून पडत. कडेला चार मिटलेल्या कळ्या मिळाल्या, तेवढ्या आणल्या.

मीच शिजवल्या. रस्सा पाण्यासारखा झाला. बाबांनी तिला टेकवून बसवलं. पहिला चमचा ओठांतून ओघळला. दुसरा गिळला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. उलटी झाली नाही.

"मीठ नाही टाकलं," ती म्हणाली.

मीठ चुलीपाशीच होतं. पण मी उठलो नाही. वाटी खाली ठेवली तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, या भीतीने मी तसाच तिसरा चमचा भरला.