चिठ्ठीवाल्या मॅडम

आमच्या मानसशास्त्र विभागात तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. मुळात ती उपकरणं ठेवायची. दोन लोखंडी कपाटं, त्यांत स्टॉपवॉच, आरसे आणि लाकडी चक्रव्यूह. कपाटांमागे खिडकी होती म्हणतात. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. उरलेल्या जागेत बारा खुर्च्या, एक फळा आणि आमच्या मॅडम. मॅडम तिथे एकोणीस वर्षं होत्या, अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर.

एमए होऊन पीएचडी करणाऱ्या आमच्यासारख्यांना कॉलेजात शिकवायला तयार करणं हे त्यांचं काम. सिद्धांत आम्हाला तोंडपाठ असायचे, पण साठ मुलांपुढे उभं राहायचं म्हटलं की पाचावर धारण बसायची. दर शुक्रवारी एकाने सरावपाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. कसले विद्यार्थी, ते मॅडम ठरवायच्या. दारातच प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी पडायची. ‘डुलक्या घे.’ ‘हे परीक्षेला येणार का, असं तीनदा विचार.’ ‘चुकीचं उत्तर छाती ठोकून दे.’ शिकवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसायचं. कुणी रडायचं, कुणी खडू फेकायचं, आणि दोन वर्षांत सगळे तयार व्हायचे. शिवाय त्यांचा एक नेम होता. पाठात एकदा तरी मुद्दाम चुकीचं विधान करायचं आणि कोण हरकत घेतं ते बघायचं.

“कुणीच बोललं नाही तर समजा, समोर कुणी नाही,” त्या म्हणायच्या.

त्यांचे विद्यार्थी कुठल्या कुठल्या कॉलेजांत कायम झाले. त्या मात्र होत्या तिथेच. आमचे विभागप्रमुख, म्हणजे प्रमुख सर, त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पटाईत. “तुमच्याशिवाय सरावपाठ घेणार कोण?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. याच वाक्यावर मॅडमना प्रबंधासाठी रजा नाकारली गेली, एकदा नाही, चारदा. मधे बाहेरगावच्या एका कॉलेजने बोलावलं होतं. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याची फिरतीची नोकरी. मॅडमनी नकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तासावर आल्या. प्रमुख सर नावाच्या त्या माणसाचा मला राग येतो, अजूनही येतो. पण मॅडमनी कधी त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, त्याचा त्याहून जास्त येतो.

प्रबंध शेवटी पूर्ण झाला आणि त्याच वर्षी विभागात एक कायमची जागा निघाली. वयाच्या अटीत मॅडम जेमतेम बसत होत्या. पुढच्या वेळी बसणार नव्हत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुलाखतीआधी समितीपुढे खऱ्या वर्गात वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. वर्ग म्हणून बसायला सरांनी आम्हालाच सांगितलं. उमेदवार दोन. एक मॅडम, आणि दुसरी त्यांचीच सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. पहिल्या पाठाला तिच्या हातातला खडू इतका थरथरला होता की तिचं नाव ‘थरथर’च पडलं होतं.

आणि इथे मी अक्कल पाजळली.

“मॅडमच्या वेळी सगळ्यांनी शहाण्यासारखं वागायचं,” मी बाकीच्यांना बजावलं. “मान डोलवायची, पटापट उत्तरं द्यायची.”

“आणि थरथरच्या वेळी?” एकाने विचारलं.

मी चिठ्ठ्या लिहून आणल्या होत्या. मॅडमच्या चिठ्ठ्यांपेक्षा जहाल.

मॅडमचा पाठ आधी होता, विषय विस्मरण. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत चार हात वर गेले. मग सहा. उत्तरं तयार, उदाहरणं तयार. विस्मरणावरच्या तासात कुणी काही विसरायला तयार नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मॅडमच्या लक्षात आलं असावं, कारण त्या बोलता बोलता थांबल्या आणि फळ्याजवळून आमच्या रांगांमध्ये आल्या.

“शिकलेलं आपण सुरुवातीला हळूहळू विसरतो,” त्या म्हणाल्या, “आणि दिवस जातील तसा विसरण्याचा वेग वाढत जातो.”

हे साफ उलटं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळावं इतकं उलटं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोल, असं ते डोळे स्पष्ट सांगत होते. मला वाटलं, आत्ता हरकत घेतली तर समितीसमोर मॅडम चुकल्या असं होईल. मी मान डोलावली. माझ्यामागे अकरा माना डोलल्या. कुणीतरी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

मॅडमना स्वतःचं विधान स्वतःच दुरुस्त करावं लागलं. समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मग थरथर आली. आम्ही ठरल्याप्रमाणे तिला सळो की पळो करून सोडलं. डुलक्या काय, कुजबुज काय, मी तर ‘हे सगळं पुस्तकात आहेच, मग तास कशाला?’ म्हणत अर्ध्यातून उठून बाहेर निघाले. तिने मला दारात नावाने हाक मारली, माझाच आक्षेप फळ्यावर लिहिला आणि त्यावर सगळ्या वर्गाला कामाला लावलं. डुलक्या घेणाराही जागा झाला. तिचा हात जराही हलला नाही. इतकं सुंदर मी कुणाला शिकवताना पाहिलं नव्हतं. फक्त एकाच व्यक्तीला पाहिलं होतं, आणि तिला आम्ही तसं शिकवू दिलं नव्हतं.

जागा थरथरला मिळाली. मॅडमच्या कागदावर शेरा होता म्हणे, ‘व्यासंग उत्तम. वर्गाशी संवाद आधी ठरवून घडवलेला वाटतो.’

शुक्रवारी मी लवकर जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्या कपाटातली स्टॉपवॉच पुसत होत्या.

“तिच्या वेळच्या चिठ्ठ्या तू लिहिल्यास?”

“हो.”

“छान होत्या. आणि माझ्या वेळी?”

“तुमच्या वेळी नव्हत्या, मॅडम. आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास नको.”

“एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या खोलीत शिकवलं मी,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात प्रमुख सर नवं कंत्राट घेऊन आले. “एका परीने बरंच झालं हं,” ते हसत म्हणाले, “तुम्ही वर गेला असतात तर ही खोली कोण सांभाळणार होतं?” मॅडमनी पेन मागितलं आणि सही केली. कुठे करायची ते त्यांना बघावंही लागलं नाही.

सगळे येऊन बसले. त्या दिवशीचा पाठ माझा होता. मी फळ्यापाशी गेले, वळले आणि पुन्हा फळ्याकडे फिरून विषय लिहीत-पुसत राहिले. पाच मिनिटं गेली. मॅडम हात बांधून बसल्या होत्या, नव्या मुलीला धीर द्यावा तशा माझ्याकडे बघत.

“सावकाश होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मी कुठे जाणार आहे?”