आधी एका वाक्यात सांगा

माझ्या सासऱ्यांइतका नीट निबंध बांधणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात नसेल, आणि त्यांनी स्वतः आयुष्यात एकही निबंध लिहिलेला नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते उसाच्या शेतीला लागले, पण बोलण्यातली शिस्त काही सुटली नाही. कुणी तोंड उघडलं की म्हणणार, "आधी एका वाक्यात सांगा, मग इस्कटून." एकदा शेजारचे अण्णा धापा टाकत आले आणि त्यांनी मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात केली. सासऱ्यांनी त्यांना दोनदा थांबवून पहिल्यापासून सांगायला लावलं. अखेर "आमची म्हस सुटून तुमच्या मक्यात शिरलीया" हे सुबक वाक्य बाहेर पडलं, तोवर मक्याच्या दोन ओळी म्हशीच्या पोटात गेल्या होत्या. "पर आता कळलं तरी!" सासरे खूश.

तेव्हा माझी स्पर्धा परीक्षा तोंडावर आली होती. दोनदा मी निबंधाच्या पेपरातच आपटले होते, आणि ही शेवटची खेप असं घरात ठरलं होतं. 'पाणी' या विषयावर बारा पानं लिहून मी त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा पुसून त्यांनी सगळी वाचली. "पोरी, पाच पानं झाली, अजून सिंधू संस्कृतीतच हाईस. तुला सवताला पाण्याबद्दल काय वाटतं?" माझं माहेर जतकडचं, दुष्काळी. मी म्हणाले, "पाणी लांब असलं की पोरींची शाळा आधी सुटते."

ते ताठ बसले. "ह्ये पयलं लिव. मग तीन परिच्छेद. येकात येकच मुद्दा, आन् त्याला डोळ्यानं बघितलेला येक दाखला. शेवटाला नवं काय काढायचं न्हाई. पयलं बोललो ते खरं ठरलं, येवढंच दाखवायचं." बारा पानांची चार झाली. डोक्यावर घागर घेतलेली माझी थोरली बहीण त्यात आली होती, ती बारा पानांत कुठंच नव्हती.

मी पास झाले. पेढा देताना विचारलं, "दादा, हे शिकलात कुठं?"

"फौजेत. अडाणी जवानांची पत्रं मीच लिवायचो. तिकडं घरी दुसरं कुणीतरी येकदाच वाचून दाखवणार. घोळ घालून कसं चालंल?"

"आणि आईंना काय लिहायचात?"

ते जरा अडखळले. "'मी खुशाल हाय, काळजी करू नगंस.' बास. तिला वाचाय येत न्हवतं. गावातलं मास्तर वाचून दाखवायचं. त्येंच्या तोंडून मनातलं कसं सांगायचं?"

सासूबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कळायचं की वं."

सासरे हातातला पेढा तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिले. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.