आबांच्या राजीनाम्याची पोच

माझ्या सासऱ्यांचा राजीनामा मी दिला.

म्हणजे मजकूर त्यांचा, सही त्यांची, राग त्यांचा. पाय तेवढे माझे. पण भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीत आजही कुणी विचारलं, "आबांना क्लबातून कुणी काढलं हो?" तर दहातले नऊ जण आमच्या ओट्याकडे बोट दाखवतात. (दहाव्या आमच्या सासूबाई. त्या बोट दाखवत नाहीत, नुसत्या बघतात.)

मी पिंपळनेरची. आठवीत शाळा सुटली, कारण माय आजारी पडली आणि चुलीपाशी दुसरं कुणी नव्हतं. लग्न होऊन भुसावळला आले तेव्हा तीन एसट्या बदलल्या, आणि तिसरीत बसेपर्यंत रडणंसुद्धा संपून गेलं होतं. नवरा मालगाडीवर, आठवड्यातले चार दिवस रुळांवर. घरात मी, सासूबाई आणि आबा. मला सगळ्याचीच भीती वाटायची. गॅस मोठा ठेवला तर चालेल का, दार किती वाजता लावायचं, मोठ्यानं हसलं तर चालतं का...

पहिल्याच महिन्यात आबा म्हणाले, "रोहिणी, सतरा नंबरचा फॉर्म भरू. घरी बसून दहावी कर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरंच माझ्याबरोबर तीन एसट्या बदलून पिंपळनेरला आले. शाळेत दाखल्याचा अर्ज माझ्याच हातानं लिहून घेतला. अर्ज देऊन मी वळले, तर म्हणाले, "कुठं चाललीस? पोच?"

"काय?"

"आपल्याजवळच्या प्रतीवर त्यांची सही, शिक्का, तारीख. कागद दिला आणि पोच घेतली नाही, तर कागद दिलाच नाही असं समजायचं. पोच हातात पडेस्तोवर दारातून हलायचं नाही!"

आबांची उभी हयात रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली होती. मी ते वाक्य देवघरात ठेवल्यासारखं जपलं. आठवीत सुटलेली शाळा ज्या माणसानं मला पुन्हा उघडून दिली, त्यानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी एवढंच विचारलं असतं, "आबा, कोणत्या? आणि पोच कुणाची घ्यायची?"

आता आबांच्या फुटबॉलविषयी सांगायला हवं.

आमच्या कॉलनीचा क्लब आहे, कॉलनी इलेव्हन. मुख्य प्रशिक्षक डिसोझा सर. गोल अडवायचा कसा हे ते शिकवतात. गोल करायचा कसा, हे खातं आबांकडे. आबांनी आयुष्यभर कागदावर रेघा ओढून गाड्या चालवल्या होत्या, तशाच रेघांनी ते पोरांना पळवायचे. उजवीकडून जाणारा अप, डावीकडून येणारा डाउन. "बंटी, तू लूप लाइनला थांब. माझा हात वर झाला की सिग्नल मिळाला. त्याआधी निघायचं नाही!" बंटी हा आमचा पुढचा खेळाडू, लग्नाला आलेला धिप्पाड गडी. पण आबांपुढे शेळी. तो बिचारा चेंडू पायाशी घेऊन सिग्नलची वाट बघत उभा राहायचा, आणि समोरचा संघ बिनसिग्नलचा येऊन चेंडू घेऊन जायचा.

स्पर्धेतले पाच सामने. तीन झाले. आमचे गोल शून्य. पण अपघातही शून्य, असं आबा म्हणायचे.

तिसऱ्या सामन्यात मैदानाच्या कडेच्या चहावाल्या गफ्फारभाईनं स्पीकर आणला होता. दुसरा अर्धा संपत आला आणि स्पीकरवरून गोड आवाजात घोषणा झाली, "यात्रीगण कृपया ध्यान दें! कॉलनी इलेव्हन का गोल अनिश्चित काल की देरी से चल रहा है. आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है!"

अख्खं मैदान लोळलं. आमचे शेजारी हसले, समोरचा संघ हसला, पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून हसला. (ती वाजली. खेळ थांबला. अजून हसू आलं.) मीही हसले असते, पण मोठ्यानं हसलेलं चालतं की नाही हे तोपर्यंत ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी चहा बशीत न ओतता कपानंच पिऊन टाकला. मला हाक मारली. "वही आण. लिही."

मी लिहिलं. 'मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. ज्या ठिकाणी शिस्तीला हसतात, त्या ठिकाणी मी एक क्षणही राहू इच्छित नाही.' दोन प्रती. सही करताना कागद फाटायचाच बाकी होता.

"ताबडतोब पोहोचला पाहिजे!" आबा गरजले आणि अंघोळीला गेले.

सासूबाई आदल्या दिवशीच बहिणीकडे सावद्याला गेल्या होत्या. विचारायला कुणी नाही. तरी मी दारात उभी राहून चपला दोनदा घातल्या, दोनदा काढल्या. पण आबांनी 'ताबडतोब' म्हटलं होतं. गेले.

क्लबाचे सेक्रेटरी भोळे काका, हेही रेल्वेतलेच, पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हे... तू इथं आणलंस?"

"हो काका. पोच द्या."

"अगं, पोच कशाला? घरी घेऊन जा. मी पाच वाजता येतोच की नेहमीसारखा."

'नेहमीसारखा' या शब्दापाशी मी थांबायला हवं होतं. शहाणी सून थांबली असती. मी म्हणाले, "पोच हातात पडेस्तोवर मी दारातून हलणार नाही."

काकांनी कागद खाली ठेवला. मग त्यांच्यातला पार्सलबाबू जागा झाला. कपाटाच्या तळातून त्यांनी एक कोरं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि लिहिलं: आवक क्रमांक एक. क्लब सुरू झाल्यापासून आलेला तो पहिलाच कागद होता. धाडकन शिक्का मारला. "आता पाचला येऊन उपयोग नाही," ते पुटपुटले.

घरी येऊन मी पोच आबांच्या हातात ठेवली, गुणपत्रिका ठेवावी तशी.

आबा टॉवेल खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी शिक्का बघितला. तारीख बघितली. नंबर बघितला.

"दिलास?"

"हो आबा. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख. सगळं आहे."

"हं," ते हळूच खुर्चीत बसले. "काम पक्कं केलंस हो."

रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत राजीनाम्याचा फोटो क्लबाच्या ग्रुपवर आला. माझं अक्षर अख्ख्या कॉलनीनं बघितलं. त्याखाली हारांची, फटाक्यांची चित्रं. एकानं लिहिलं, 'अखेर सिग्नल मिळाला!' दुसऱ्यानं लिहिलं, 'लाइन क्लियर!' कुणीतरी मैदानावर खरीच लड लावली. गफ्फारभाईनं स्पीकरवर वाढदिवसाचं गाणं वाजवलं. (त्याच्याकडे आनंदाचं तेवढंच होतं.) फक्त एक म्हातारे पेन्शनर, जे प्रत्येक सामन्यात आबांना सर्वांत मोठ्यानं नावं ठेवायचे, ते आमच्या दारात येऊन मला म्हणाले, "पोरी, हे काय करून बसलीस? आता रविवारी मी ओरडू कुणावर?"

संध्याकाळी भाजीवालीकडे वेगळीच बातमी पोहोचली होती. आबांनी राजीनामा दिला नाही, नव्या सुनेनं द्यायला लावला! घरात पाणी भरायला माणूस हवं म्हणून! मेथीची जुडी बघता बघता एक बाई दुसरीला म्हणाली, "दिसती गरीब, पन बघ व माय!"

ही बातमी तीन एसट्या न बदलताच पिंपळनेरला पोहोचली. मायचा फोन. "काय वं, तू सासराले घर बसाडी दिन्हं? बठ्ठा म्हनी ऱ्हायनात!"

"माय, सगळे काहीही म्हणोत, मी फक्त कागद दिला."

"आते त्या तुले शिकाडतीन का?"

मी फोन ठेवला. तोवर मला आबांचंच वाईट वाटत होतं. ते आता मला शिकवणार नाहीत, हे सुचलंच नव्हतं. टेबलावर आबांनी आणलेलं बीजगणिताचं पुस्तक होतं. ते मी हळूच कपाटात ठेवून दिलं. त्यांनी मागण्याआधी आपणच परत केलेलं बरं.

सासूबाई दुसऱ्या दिवशी केळीचा घड घेऊन परतल्या. आत येताच म्हणाल्या, "रस्त्यात ऐकलं. लिहिला ना यंदाचा? मग काल पोहे किती जणांचे भिजवले?"

"कोणते पोहे?"

सासूबाई घडासकट खाली बसल्या.

तेव्हा मला कळलं. आबा दर हंगामात एकदा राजीनामा लिहितात. तो शिलाई मशीनच्या खणात जातो. सासूबाई भोळे काकांना फोन करतात, "आज लिहिलाय हो." मग पाच वाजता भोळे काका, डिसोझा सर आणि दोन-चार खेळाडू येतात. पोहे खातात. "आबा, तुमच्याशिवाय कसं?" म्हणतात. आबा सात वेळा नाही म्हणतात, आठव्यांदा चहा मागतात. संपलं! खणात असे अकरा राजीनामे होते. अकराच्या अकरा सासूबाईंनी मला काढून दाखवले.

"मले सांगायचं राह्यलं व," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "पन तू खरंच देऊन येशील, हे कोनाच्या ध्यानात येईल?"

"मग आबांनी आता मागे घ्यावा ना."

आतून आवाज आला, "आवक क्रमांक पडलाय! आवक पडलेला कागद मागे घेता येत नाही!"

रविवारी चौथा सामना. आबा गेले नाहीत. घरी बसून कोऱ्या कागदावर रेघा ओढत होते. मैदान आमच्या मागच्या भिंतीपलीकडेच. अचानक असा काही गलका उठला, की ओट्यावरची कबुतरं उडाली. गोल! हंगामातला पहिला गोल, आणि तो आबा गेल्यानंतर! दहा मिनिटांनी दुसरा.

आबांची पेन्सिल थांबली. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "रोहिणी, अप साइडनं झाला असेल की डाउन?"

मी आत गेले, वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी मजकूर न सांगता अर्ज लिहिला. 'सेक्रेटरी साहेब, आबा रागावले होते. मी ऐकलं. रागावलेल्या माणसाचं किती ऐकायचं असतं ते मला अजून समजत नाही. चूक माझी आहे, तरी शिक्षा त्यांना होऊ नये. गोल झाला तेव्हा ते हसले नाहीत आणि रडले नाहीत, फक्त कोणत्या बाजूनं झाला ते विचारलं. कृपया येऊन सांगावं.'

सामना संपताच मी तो भोळे काकांकडे नेला, त्यांनी उभ्या उभ्या वाचला. या वेळी पोच त्यांनी मी न मागताच दिली. आवक क्रमांक दोन.

"पाच जणांचे पोहे भिजव," ते म्हणाले. "आणि शेंगदाणे सढळ हातानं घाल."

पाच वाजता सगळे आले. आबा दार लावून आत. डिसोझा सर दाराशी उभे राहून म्हणाले, "आबा, चाल तुमचीच होती. उजवीकडून अप, मधे बंटी. दोन्ही गोल तसेच झाले."

आतून आवाज, "मग तीन सामने का झाले नाहीत?"

बंटी खाली मान घालून म्हणाला, "आबा, आज सिग्नल द्यायला कुणी नव्हतं. म्हणून थांबलो नाही."

मला वाटलं, या मुलानं सगळं धुळीला मिळवलं. मग कडी वाजली. आबा दारात आले.

"म्हणजे थ्रू गाडी," ते म्हणाले. "थांबा द्यायलाच नको होता." आणि चहा मागितला. सात वेळा नाही म्हणायचं ते विसरूनच गेले.

शेवटच्या सामन्याला आबा मैदानावर होते. आम्ही तीन-एकनं हरलो. पण एक गोल आबांच्या हजेरीत झाला, गफ्फारभाईनं स्पीकरवर 'गाड़ी प्लेटफॉर्म पर आ रही है' म्हटलं, आणि पेन्शनर आजोबा घसा बसेपर्यंत आबांवर ओरडले. सगळं मैदान सुखी झालं. मी मोठ्यानं हसले. चाललं.

बीजगणिताचं पुस्तक कपाटातून आबांनीच काढलं. कुणी ठेवलं, का ठेवलं, विचारलं नाही. नुसतं टेबलावर ठेवून पेन्सिलीला टोक करत बसले.

पण परीक्षा महिन्यावर आली आणि एका सकाळी माझं एक समीकरण चार वेळा चुकलं. मी वही मिटली आणि आबांना कागद नेऊन दिला: 'मी परीक्षेला बसणार नाही. हा निर्णय कायमचा आहे.' दोन प्रती. शिकवल्याप्रमाणे दारातून हलले नाही.

"आबा, पोच."

आबांनी कागद वाचला, घडी घातली, शिलाई मशीनच्या खणात टाकला.

"पोच पाच वाजल्यानंतर," ते म्हणाले. "आधी सहा जणांचे पोहे भिजव."

आणि भुसावळात स्वतःच्याच मनधरणीचे पोहे स्वतःच भिजवणारी, कांदा चिरता चिरता रडणारी, आणि पाहुणे यायच्या आधीच पुन्हा अभ्यासाला बसल्यामुळे त्यात मीठ घालायला विसरलेली सून मीच!