पाचशे चौऱ्याऐंशी शॉट

बायकोची पदवी एका पेपरावर अडली होती. पेपरचं नाव 'दूरचित्रवाणी आणि चित्रपट'. लेखी ऐंशी मार्कांचा, पास व्हायला बत्तीस. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना नोंदणीपासून ठरावीक वर्षंच मिळतात आणि तिचं ते शेवटचं वर्ष होतं. या वेळी पेपर गेला की आधी सुटलेले सगळे पेपरही रद्द. तिचं वय चव्वेचाळीस. लग्न ठरलं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. 'लग्नानंतर पूर्ण करेल' असं माझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. अठरा वर्षं कुणी तो विषय काढला नाही. मग तिनंच एकदा फॉर्म भरून आणला.

या पेपरात ती आधी एकदा नापास झाली होती. तेव्हा तिनं एकटीनं अभ्यास केला होता. म्हणून या वेळी मी अभ्यास हातात घेतला.

माझं काम जमिनी मोजण्याचं. सव्वीस वर्षं नेर तालुक्यात आणि आसपास शेतं मोजली. भावाभावांच्या धुऱ्यावर, शेतांमधल्या बांधावर उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या खात, आकडा सांगायची सवय आहे. जुना नकाशा आणि माझी मोजणी जुळली नाही तर मी माझी मोजणी धरतो, आणि आजवर तीच बरोबर निघाली आहे. अभ्यासही मोजून करता येतो, असं मला वाटत होतं.

मी अभ्यासक्रमाचे भाग पाडले, प्रत्येक भागाला दिवस दिले. रोज वीस मार्कांची परीक्षा. ती पोळ्या लाटत असली तरी मी दारात उभा राहून प्रश्न विचारायचो. तीन तासांचा सराव पेपर घेतला की घड्याळाच्या काट्यावर वही ओढून घ्यायचो, वाक्य अर्धं असलं तरी. खाडाखोडीला अर्धा मार्क वजा. रोजचे मार्क एका कागदावर लिहून तो कागद मी फ्रीजवर चिकटवला होता.

माझ्या आईला अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात. ती सकाळी दूध काढायला फ्रीज उघडायची आणि मोठ्यानं वाचायची.

"अकरा! काल नऊ होते, आज अकरा. वाढून राह्यली वं सूनबाई."

शेजारची बाई विरजण मागायला आली तरी आई तिला आधी कागद दाखवायची. बायकोनं एकदा मला म्हटलं, "तो कागद आतल्या खोलीत लावा ना."

मी म्हटलं, "लाज वाटली तरच मार्क वाढतात."

दुसऱ्या दिवशी तिला सात मिळाले.

पेपरात सोळा मार्कांचा एक प्रश्न सक्तीचा होता, नेमलेल्या चित्रपटाच्या विश्लेषणाचा. चित्रपट जुना, कृष्णधवल. तालुक्याच्या गावात फोटो काढायचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. फोनवर तो कुठं सापडेना. अभ्यासकेंद्रावर एका रविवारी तो दाखवणार होते, पण केंद्र यवतमाळला. मी हिशेब केला. जाणं-येणं, बसची वाट पाहणं, मध्ये तासभर कुणाचं तरी भाषण, असे नऊ तास जाणार आणि सिनेमा दोन तासांचा. त्यात तो पाहायला मिळणार एकदाच, थांबवता येणार नाही. त्याच आठवड्यात तो टीव्हीवर लागणार होता. सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावला की घरबसल्या शंभर वेळा पाहता येईल.

"सगळ्याजणी जाऊन राह्यल्या," ती म्हणाली. "सर समजावून सांगतीन."

"सर काय सांगणार? सिनेमा आहे, डोळ्यांनी पाहायचा. दिवस वाया घालवू नको."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे. त्या मेकॅनिकची बायको हाच कोर्स करत होती. वय तीसच्या आत, बोलायला मोकळी. ती एसटीनं गेली. बायकोनं तिच्यासाठी डब्यात मेथीचे पराठे दिले आणि दारातूनच परत फिरली.

टीव्हीवरचा सिनेमा मी पेनड्राइव्हवर घेतला. जाहिरातींसकट दीडशे मिनिटं. जाहिराती स्टॉपवॉच लावून वजा केल्या, त्रेचाळीस मिनिटं. उरला एकशे सात मिनिटांचा सिनेमा. पुस्तकात लांबी एकशे चोवीस मिनिटं छापली होती. सतरा मिनिटांचा फरक मला दिसला. तो दिसला नाही असं मी कधी म्हणणार नाही. मी पुन्हा मोजलं, एकशे सातच आले. पुस्तकात त्याआधी मला तीन छपाईच्या चुका सापडल्या होत्या. ही चौथी, असं धरून मी पेन्सिलनं एकशे चोवीसवर काट मारली.

मग आम्ही अकरा दिवस, सकाळी साडेपाच ते सात, टीव्हीसमोर बसून शॉट मोजले. एक शॉट संपला की मी रिमोट दाबून थांबवायचो. क्रमांक, सेकंद, कॅमेरा लांब की जवळ, आवाज कसला, हे सगळं ती तक्त्यात लिहायची. एकूण पाचशे चौऱ्याऐंशी शॉट. सरासरी जवळजवळ अकरा सेकंदांचा एक. असा तक्ता अभ्यासकेंद्राच्या सरांकडेही नसणार, हे मला माहीत होतं.

सहाव्या दिवशी तीनशे अकराव्या शॉटनंतर तिनं पेन थांबवलं.

"हिची वेणी कुठं गेली?"

मोठी बहीण दुकानाच्या पायरीवर बसली होती, पाठीवर लांब वेणी. पुढच्या शॉटमध्ये ती विहिरीवर, डोक्यावर पदर.

"पदर घेतला आहे," मी म्हटलं.

"पदराखाली वेणी असली तं दिसते. इथं काही नाही. मानेजवळ पाहा." ती उठून टीव्हीजवळ गेली, बोट लावून दाखवलं. "केस कापले हिचे. मधातलं काहीतरी गेलं आवो."

"मधात काय जाईल? तीनशे अकरा, तीनशे बारा. सलग आहे."

"बाईचे केस असे अकरा सेकंदात जात नाहीत."

"मग सिनेमा काढणाऱ्यानं तुला विचारायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "दहावीला गणितात पस्तीस आणि निघाली सिनेमा दुरुस्त करायला."

आई मागे चहा पीत होती. ती हसली. "तुह्या वेणीचं पाह्य आधी. उंदराची शेपटी झाली."

बायको परत येऊन बसली. मी विचार केला आणि तिला मुद्दा लिहून दिला: 'दिग्दर्शकाने केस कापण्याची घटना प्रत्यक्ष न दाखवता थेट उडी घेतली आहे. प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी हे जाणीवपूर्वक केले आहे.' मुद्दा मला आवडला. तिच्याकडून तो दहा वेळा लिहून घेतला आणि सराव पेपरात त्याला पूर्ण मार्क दिले. पाठ झाल्यावर तिचे मार्क वाढले. चौदा, पंधरा, एकदा सोळा. आईनं सोळा वाचले आणि म्हणाली, "फ्रीज बिघडला वाट्टे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मेकॅनिकची बायको आली. हातात वही. ओट्यावरूनच सुरू झाली.

"ताई, तो केस कापायचा सीन पक्का करजा. सर बोलले, येईनच. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, छोटी बहीण कैची चालवते, अन् आवाज फक्त कैचीचा. म्या तं तीन पानं लिहून ठेवली."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"असा प्रसंग नाही सिनेमात," मी म्हटलं.

"नाही कसा, भाऊ? मी सवता पाह्यला. माह्या बाजूची बाई रडली तो पाहून."

मी तक्ता आणून तिच्यापुढे ठेवला. एकवीस पानं, रेघा आखलेली. "एक ते पाचशे चौऱ्याऐंशी. कुठं आहे, बोट ठेव."

तिनं चार पानं उलटली. "बापरे. हे काय सिनेमा आहे का सातबारा?" हसली, पण बोट ठेवायला तिला जागा सापडली नाही. मी म्हटलं, "दुसरा कोणतातरी सिनेमा मिसळला असेल डोक्यात. रविवारी झोप लागली असेल."

तिचा चेहरा पडला. बायकोनं तिच्या वहीला हात लावला.

"एक घंटा ठेवू का? वाचून देते."

"नाही," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी दुसऱ्याची वही वाचायची नाही, हे ठरलं आहे. तिचं वाचशील आणि माझंही विसरशील. आहे तेवढं डोकं भरलं आहे."

वहीवर दोघींचा हात होता. थोडा वेळ कुणी सोडली नाही. मग बायकोनं हात काढला. मेकॅनिकची बायको निघताना तिला म्हणाली, "ताई, तुमी पाह्यलं ना पण? वेणी गेलेली तं दिसली असन?"

बायको म्हणाली, "दिसली."

परीक्षेला मी तिला मोटरसायकलवर यवतमाळला नेलं. तीन तास केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होतो. ती बाहेर आली आणि तिनं प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. सक्तीचा प्रश्न: केस कापण्याच्या प्रसंगातील प्रकाश, ध्वनी आणि कॅमेऱ्याचे स्थान यांचे विश्लेषण करा.

मी तो दोनदा वाचला. "काय लिहिलं?"

"तुमी सांगतलं ते."

"म्हणजे?"

"असा प्रसंग नाही म्हून लिहिलं. थेट उडी."

"तिनं सांगितलेलं का नाही लिहिलं? लाल दिवा, कैची?"

"वही वाचू देली होती का?" एवढं बोलून ती गाडीवर बसली. नेर आल्यावर म्हणाली, "दही घ्या."

निकाल ऐंशीपैकी अठ्ठावीस. चार कमी. मेकॅनिकची बायको पास झाली, पेढे घेऊन आली आणि आमच्या घरात कुणाकडे पाहायचं हे न कळून आईकडे पाहत बसली. ती गेल्यावर आईनं विचारलं, "सूनबाईचं काय झालं?"

मी म्हटलं, "नापास. मेहनत कमी पडली."

हे मी म्हटलं तेव्हा बायको तिथंच होती, पेढ्यांचा डबा झाकत होती. आई म्हणाली, "मी तं म्हणतच होती. या वयात कायले पायजे होतं? लोकायले सांगाची सोय नाही राह्यली." बायकोनं डब्याचं झाकण दाबलं. मी वाक्य मागे घेतलं नाही. तेव्हा मला खरंच वाटत होतं की चार मार्क कुठंतरी सापडतील. बेरीज चुकलेली असते, एखादं पान तपासायचं राहिलेलं असतं. मी अर्ज लिहिला, तिची सही घेतली आणि उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली.

पाकीट दीड महिन्यानं आलं, सकाळी. मी जमिनीवर बसून पेन्सिलनं बेरीज तपासली. वरून खाली, मग खालून वर. सक्तीच्या प्रश्नाला सोळापैकी दोन, बाकी चौसष्टपैकी सव्वीस. अठ्ठावीस. बेरीज बरोबर होती. एकही पान राहिलं नव्हतं.

सक्तीचं उत्तर साडेचार पानांचं होतं. तिच्या सरळ अक्षरात माझी वाक्यं, क्रमानं, एकही न चुकता. तीनशे अकरा, तीनशे बारा, सेकंदांसकट. खाडाखोड नाही. समासात तपासणाऱ्यानं चार शब्द लिहिले होते. मी पान उलटलं.

बायको पलीकडे सूप घेऊन तांदूळ निवडत होती. खाटेवर आई.

"सापडले का चार मार्क?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मंग ते काय लिहून आहे बाजूनं?"

"काही नाही. शेरा आहे."

"वाचा ना."

"तूच वाच नंतर."

"माहे हात भरले. तुमी वाचा. माहा पेपर आहे, अभ्यास तुमचा आहे."

आईनं मान वळवली. "वाच ना रे बापू. काय लिहिलं मास्तरनं?"

मी पान पुन्हा उलटलं आणि वाचलं, "चित्रपट पाहिलेला दिसत नाही."

आईला काही कळेना. "पाह्यला नाही कसा? अकरा दिवस अंधारात उठून तुमी दोघं काय पाहून राह्यले होते? माह्या झोपीचं खोबरं केलं."

बायकोनं एक खडा काढून अंगणात फेकला. सुपातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "आईले नीट आयकू नाही आलं. पुन्हा एकदा वाचा. मोठ्यानं."

आईचे कान शाबूत आहेत. तरी मी दुसऱ्यांदा वाचलं.