झांजीबारचा मामा

दुभाष्याने मला फसवले आणि मी काळाचौकीच्या एका गिरणी कामगाराला. तो प्रसंग आठवला की अजून हातातला घास हातात राहतो.

फणसवाडीतल्या एका सराफाचा नोकर दागिन्यांची पेटी घेऊन पळाला होता. तो झांजीबारला असल्याची खबर गोदीतून लागली. वॉरंट घेऊन मी बोटीने गेलो, तर आरोपी तापाने मरून आठवडा झालेला. खोलीत पेटी नव्हती. घरमालकीण म्हातारी ओट्यावर खोबरे किसत बसली होती. तिने मला शहाळे दिले. मी ते पिऊन कामाला लागलो.

दुभाष्या म्हणून तिथला एक हिंदी दुकानदार धरला. मी शिपाईगिरीपासून जमादारीपर्यंत चढलेला; घासाघीस अंगात मुरलेली. त्याची मजुरी अर्ध्यावर आणली. त्याने शेजारच्या पाणक्याला पेटीबद्दल विचारले. पाणक्याच्या उत्तरातले दोन शब्द माझ्या कानांनी टिपले, 'सांडुकू' आणि 'मामा'.

"संदूक मामा को दिया, साब," दुभाष्या म्हणाला आणि उठला.

संदूक कळला, मामा कळला. मला वाटले भाषाच कळली. पळाला त्या रात्री आरोपी काळाचौकीला आपल्या गिरणी कामगार मामाकडे जेवला होता. मी लगेच मुंबईला तार केली: मामाला उचला.

परत आलो तेव्हा मामा कोठडीत होता. तपासात माणसाला हादरवायची एक रीत असते. मी एकदम म्हणालो, "भाचा मेला. आता कुणाला वाचवतोस?"

त्याने अंगातला सदरा उतरवला. मग म्हणाला, "सायबानू, माका दोन तांबे पाणी देवा. सुतकाची आंघोळ करूक होयी."

"आधी पेटी."

"पेटी माका ठावक नाय. पाणी तरी देवा."

मी दिले नाही. तीन दिवस दिले नाही.

चौथ्या दिवशी गोदीतल्या मारामारीत एक कोळी खलाशी पकडून आणला. झांजीबारच्या फेऱ्या केलेला. हवालदार त्याला माझ्या तपासाची फुशारकी सांगत होता. खलाशी हसला. "कसला मामा, हवालदार? तिथं मामा म्हणजे आई. पोक्त बाई दिसली की तिला मामाच म्हणतात. आणि दादा म्हणजे बहीण."

हवालदारही हसला आणि त्याने वळून माझ्याकडे पाहिले. माझ्या डोळ्यांपुढे ओट्यावरची म्हातारी आली. पेटी तिच्याकडे होती. मी तिच्या हातचे शहाळे प्यालो आणि तिला एक शब्द विचारला नाही. दुभाष्या जन्मभर तिथे राहिलेला. मामा म्हणजे कोण हे त्याला ठाऊक नव्हते, असे मी मानत नाही; अर्ध्या मजुरीत त्याने अर्धेच सांगितले.

तारेवर तार गेली. पेटी पुढच्या बोटीने आली, कुलूप शाबूत. पण त्याआधी, खलाशी बोलला त्याच दिवशी, मी स्वतः कोठडी उघडली, पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या. मामाने त्यांना हात लावला नाही. "आंघोळ घराकडे करतंय," एवढेच म्हणाला.

गिरणीने त्याला परत घेतले नाही. पोलिसांच्या बुकात त्याच्या नावापुढे 'संशयित' असा शेरा होता. तो खोडावा म्हणून मी दोनदा अर्ज केला. वरचे साहेब म्हणाले, "माल मिळाला, प्रकरण संपलं." तेव्हापासून कळलेल्या शब्दाची मला जास्त भीती वाटते, न कळलेला शब्द माणूस निदान विचारतो तरी.

माझे अर्ज ज्याने दाबले, त्याने पुढे येऊन उत्तर द्यावे. तीन दिवसांच्या पाण्याचा जाब मात्र माझ्याकडे मागा. मामाने तो कधी मागितला नाही.