मालोजीअण्णांचं पहिलं विमान

मालोजीअण्णा विमान हातात धरून, त्याचं नाक गिऱ्हाईकाकडे करून चालत यायचे आणि विचारायचे, "आता तुमच्या डावीकडं वळवा. रिमोटची दांडी कुठं ढकलणार?" जयनगरातल्या त्यांच्या दुकानात रेडिओ-रिमोटवर उडणारी छोटी विमानं मिळत. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, आणि बहुतेक जण इथेच चुकत.

मी चुकले नाही. का चुकेन? खऱ्या विमानांच्या पंखांची गणितं करून मी पगार घेत होते. "उजवीकडे," म्हटलं आणि छताला टांगलेल्या लढाऊ विमानाकडे बोट दाखवलं.

"ते नको. हे घ्या." त्यांनी पाठीवर जाड पंख असलेलं, बदकासारखं एक धूड पुढे केलं. "हात सोडला तरी आपोआप सरळ होतंय, ते पहिलं विमान."

आदल्याच आठवड्यात माझ्या ऑफिसातल्या कुलकर्णीला त्यांनी तसलंच लढाऊ विमान दिलं होतं, आणि त्याचं तर उत्तरही चुकलं होतं! माझं डोकं सणकलं. "मी बाई म्हणून?"

"होय अक्का." आवाज अगदी शांत. "त्यानं मोडलं तर उडवायच्या मैदानावरचे एक दिवस हसतील. तुम्ही मोडलं तर तुम्ही यायचं बंद करीपर्यंत हसतील. तुम्ही यायला पायजे."

तळपायाची आग मस्तकात गेली. भांडून मी तेच लढाऊ घेतलं. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणून त्यांनी ते खोक्यात घातलं.

के. आर. पुरमच्या पलीकडच्या मैदानावर ते उठलं, वळून माझ्याकडे आलं, एका कुशीवर कललं. सावरायला गेले आणि मी उलटीच दांडी ढकलली. दुकानात दिलेलं उत्तर बोटांना कुठे ठाऊक होतं! विमानाचा चुरा झाला. अन् काय तो हशा! "मॅडम, गणित चुकलं वाटतं?" हे कुलकर्णी म्हणाला, ज्याचं स्वतःचं विमान निलगिरीच्या झाडात अडकलं होतं. अण्णा बाजूला गप्प उभे. तुकडे तिथेच टाकून मी घरी आले. त्या मेल्यांचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं ठरवलं.

पुढच्या रविवारी बसवनगुडीत माझ्या दारात ऑटो थांबली. आत मांडीवर ते बदक घेऊन अण्णा. "स्वल्प लवकर चला अक्का, वारं पडलंय."

"त्या दिवशी त्यांना गप्प का नाही केलंत?" मी रस्त्यातच ओरडले.

"चुकलं माझं," ते खाली बघून म्हणाले. मी चपला घातल्या.

मैदानावर त्यांनी आधी सगळ्यांना सुनावलं, "हसायचं असंल त्यानं पहिलं आपलं किती वेळा मोडलं ते सांगायचं!" मग महिनोन्‌महिने मी ते बदक उडवलं. घाबरून दांडी गच्च धरली की मागून अण्णांची हाक यायची, "हात सोडा!" मी सोडला की ते खरंच सरळ व्हायचं, आणि त्याचाही मला राग यायचा.

अण्णा गेल्यावर त्यांच्या बायकोच्या मदतीला मी शनिवारी दुकानात बसू लागले. एकदा बँकेत काम करणारी एक मुलगी आली. तिनं सरळ छताकडे बोट दाखवलं. "ते नको, हे घ्या," मी म्हटलं.

तिचे डोळे बारीक झाले. "मी बाई म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "पहिलं म्हणून. पुरुष आला तरी हेच देते."

तिनं बदक घेतलं, हसत नेलं. आणि मी रिकाम्या दुकानात अण्णांवर मनसोक्त चिडले. एवढंच म्हणायचं होतं हो, अण्णा. एवढंच. आणि कुलकर्णीलाही बदकच द्यायचं होतं.