काटा शून्यावर असताना

दोन काचपात्रांमधली ओली कागदी पट्टी ते चिमटीत धरून उचलत, हाताची घडी घालत आणि वर्गाकडे पाहत उभे राहत. व्होल्टमीटरचा काटा शून्यावर आलेला असे. "कामून म्हणा, मग बोलतो," एवढेच ते म्हणत.

उदगीरकडचे हे आमचे रसायनशास्त्राचे सर; त्यांच्या बोलीत 'का'ला 'कामून'. लातूरच्या महाविद्यालयात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भौतिकशास्त्र शिकवीत असे. मधल्या दारातून जे मी डोळ्यांनी पाहिले, ते मला कोणी ऐकीव सांगू नये.

मांडणी साधी होती. एका पात्रात जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांब्याची. दोहोंना तारांनी जोडलेला व्होल्टमीटर. मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, म्हणजे पुस्तकातला क्षारसेतू आणि सरांचा 'पूल', दोन्हीकडे टेकला की काटा एकच्या किंचित पुढे जाई. यातले जस्ताचे किती आणि तांब्याचे किती, असे कोणी विचारले तर सर म्हणत, "एकट्याचं मोजता येत न्हाई, बाबा. कुणाच्या मानानं, ते आधी सांग."

एकदा तपासणीला आलेले पाहुणे वर्गात बसले. सरांनी पूल उचलला, काटा पडला, सर गप्प. पाहुण्यांपुढे मुले दबली होती. कामून कोणी म्हणेना. पाहुण्यांना चहा आठवला आणि प्रयोग फसल्याची बातमी घेऊन ते उठले. ते जिना उतरले असतील-नसतील, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला. सर खुलले. जस्त विरघळत जाते तशी त्या पात्रात धनभाराची गर्दी होते, तांबे बसत जाते तशी दुसरीकडे ऋणभाराची. पूल तो तोल राखतो, तो नसला की सारे जागच्या जागी थांबते, असे त्यांनी समजावले आणि पट्टी परत ठेवली. काटा उठला. तो पाहायला पाहुणे नव्हते.

सांगून टाकायचे होते, असे मी नंतर म्हणालो. ते हसले. "पाहुणे गेले तर जाऊ द्या. पोरांचं कामून जायला नको."

परवा महाविद्यालयातच भरलेल्या सरांच्या शोकसभेत त्यांचा एक विद्यार्थी बोलला. नांदेडला त्याची शिकवणी जोरात चालते. पाहुण्यांपुढे प्रयोग फसला तरी सर खचले नाहीत, असे तो गहिवरून सांगू लागला. मी उभा राहिलो.

"खचायला तो फसला कुठे होता?"

"बसा सर. त्यांचा मोठेपणाच सांगून राहिलो मी."

"त्यांच्या मोठेपणाला तुझ्या कीवेचा टेकू नको."

सभा शोकाची आहे, असे कोणीतरी कुजबुजले. मला ते ठाऊक होते. मी प्रयोगशाळेतून ती मांडणी मागवली, व्यासपीठावरच्या टेबलावर जुळवली, काटा चढलेला सर्वांना दाखवला आणि पट्टी उचलली. हाताची घडी घातली. लोक चुळबुळले, घड्याळे पाहू लागले. मी बोललो नाही. ज्याला उठायचे त्याने उठावे.

कोणीही उठले नाही. बऱ्याच वेळाने ध्वनिक्षेपकातून त्या विद्यार्थ्याचाच आवाज आला, अगदी खाली उतरलेला.

"काटा कामून पडला, सर?"

विचारताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. टेबलामागे हार घातलेली तसबीर होती, तिकडे पाहत होता. मी बाजूला सरकलो आणि पूल ठेवला.